ब्रेक पॅड बदलण्याची वेळ कशी ओळखली

रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीवर, तांबूस गंज धरतो आणि सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर ऐकू येते. ती लगेच थांबत असेल, तर तेवढ्यावरून पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, संपले असे समजू नये. माझ्या गाडीचा आवाज मात्र निराळा होता. आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून धातूचा बारीक, कर्कश आवाज येई, आणि ब्रेक ऑइलची पातळीही उतरली होती, जी गळती नसतानाही पॅड झिजल्याने खाली जाते.

चाक काढल्यावर बाहेरचा पॅड ठीक दिसला, परंतु आतल्या पॅडचा घर्षणथर, जो नवीन असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ मिलिमीटरपेक्षाही कमी उरला होता. केवळ चाकाच्या फटींतून डोकावून समाधान मानणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. असमान झिजेचे कारण कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, गंजून अडकलेल्या पिना हे निघाले. मेकॅनिककडून त्या साफ करून त्यांना ब्रेकचे खास ग्रीस लावून घेतले आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकत्रच बदलले, कारण एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते.