कुंडीपेटीतील बागेसाठी सामानाची जुळवाजुळव

घराच्या गच्चीवर किंवा अंगणात कुंडीपेटी, म्हणजे माती भरून भाजी लावायची पेटी, करायची म्हटले की बहुतेक जण आधी रोपवाटिकेत जातात. मीही पहिल्या वर्षी तेच केले आणि मातीची वाट पाहत पिशवीतली अर्धी रोपे सुकवली. रोपे आणि बियाणे ही खरेदीतली शेवटची वस्तू आहे. आधी जागा ठरवावी, मग पेटी, मग माती.

जागेला दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन हवे. जागा गच्चीवर असेल, तर वजनाचा हिशोब सामान आणण्यापूर्वीच करावा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल अशा पेटीत सुमारे १२५ लिटर मिश्रण मावते आणि पावसात भिजल्यावर त्याचे वजन सहज दीडशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून पेटी गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवावी आणि इमारत जुनी असल्यास जाणकाराला विचारूनच ठेवावी.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना आठ इंच खोली पुरते. वांगी, मिरची, टोमॅटो यांना मात्र फूटभर लागते. मालवाहतुकीच्या फळ्यांची पेटी स्वस्त पडते, परंतु फळीवरचा शिक्का पाहून घ्यावा. ‘एचटी’ (HT) म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेले, ते भाजीसाठी घेऊ नये. लाकूड नको असेल तर फळांचे प्लास्टिक क्रेट आतून हिरवी जाळी लावून वापरता येतात. कोल्हापुरात शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीतून मोठ्या कुंड्या आणल्या तरी काम भागते, मात्र त्या उन्हाळ्यात लवकर सुकतात.

कोल्हापूरचा जुलै ज्याने पाहिला आहे, त्याला निचऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तळाला बोटभर जाडीची भोके, दर चौरस फुटाला तीन-चार तरी पाडावीत, त्यांवर फुटक्या कौलाच्या खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात आणि पेटीखाली चार विटा द्याव्यात, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि स्लॅबही ओला राहणार नाही.

मातीच्या बाबतीत आपल्याकडे एक मोह असतो. पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोने असली, तरी पेटीत एकटी भरल्यास ती पावसाळ्यात चिखल होते आणि एप्रिलमध्ये ढेकूळ होऊन भेगा पडतात. पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती निचऱ्याला बरी. दोन भाग तांबडी माती, दोन भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण करावे. वरच्या मापाच्या पेटीला चार-पाच घमेली माती आणि तीस-पस्तीस किलो गांडूळखत पुरते. कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजल्यावर इतकी फुगते की ती दोन पेट्यांना होते. या मिश्रणात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घालावी. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी, कोणी फुकट देऊ केली, तर ती पूर्ण कुजलेली आहे याची खात्री करावी, कारण ताज्या मळीची उष्णता मुळांना जाळते.

अवजारांवर फार खर्च करू नये. खुरपे, बारीक छिद्रांची झारी, एक घमेले आणि उन्हाळ्यासाठी ५० टक्के सावलीची जाळी एवढे बस्स. आच्छादनासाठी विकत काहीच घेऊ नये. उसाची तोड सुरू झाली की गावाकडच्या कुणा पाहुण्याला पोतेभर पाचट आणायला सांगावे आणि ते मातीवर दोन बोटे जाड पसरावे.

पेटी भरल्यावर एकदा भरपूर पाणी घालून दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. माती दोन-तीन इंच खाली बसते, तेवढी पुन्हा भरावी आणि मग बियाणे आणायला बाहेर पडावे.