जिबरेलिक बेण्याला हवे, कंद धरताना नको

काढणीनंतर लगेच लावलेला बटाटा उगवला नाही, तर तो बेण्याचा दोष नसतो. कंद सुप्तावस्थेत असतो. त्यातले ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक (वाढीवर ताबा ठेवणारे द्रव्य) कोंब रोखून धरते. हा काळ जातीनुसार काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत जातो.

लागवड त्याआधीच साधायची असेल तर बेणेप्रक्रिया करा. १०० लिटर पाण्यात सुप्तावस्था मोडणारे थायोयुरिया हे रसायन १ किलो आणि वाढ जागवणारे संप्रेरक जिबरेलिक ॲसिड १०० मिलिग्रॅम (१ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग) घ्या. जिबरेलिकची पूड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ती थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. बाजारातले उत्पादन किती टक्क्यांचे आहे ते पाहूनच हिशेब करा. इथेच सर्वात जास्त चुका होतात. मात्रा वाढली की कोंब बारीक, लांबट येतात आणि हाताळताना मोडतात. बेणे तासभर बुडवा, सावलीत सुकवा आणि कोंब दिसेपर्यंत हवेशीर जागी पातळ थरात ठेवा. सडके कंद आधीच वेचून काढा. एका सडक्या कंदाचे जिवाणू द्रावणातून सगळ्या बेण्याला लागतात. हातमोजे वापरा. प्रक्रिया केलेला बटाटा माणसांना खायला किंवा जनावरांना घालू नका.

उभ्या पिकात मात्र हेच जिबरेलिक नुकसान करते. रोप उपटून पाहा: जमिनीखालच्या पांढऱ्या फांदीचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. त्या टोकातले जिबरेलिन (जिबरेलिक ॲसिड याच गटातले) कमी झाले की लांबी थांबते आणि टोक वाटाण्याएवढे फुगते. तोच कंद. या दिवसांत जिबरेलिक असलेले ‘टॉनिक’ फवारले तर फांदी लांबतच जाते, कधी जमिनीबाहेर येऊन तिला पाने फुटतात. नत्राचा उशिरा दिलेला जादा हप्ता आणि उष्ण रात्री यांचाही परिणाम तसाच: वर हिरवागार पाला, खाली मोजकेच बटाटे. म्हणून लेबलावरचे घटक वाचल्याशिवाय कोणतेही टॉनिक फवारू नका.

साठवणीत गरज उलटी असते, तिथे कोंब रोखायचे असतात. सीआयपीसी (क्लोरप्रोफाम) हे कोंबरोधक रसायन पेशींचे विभाजन थांबवते, त्यामुळे काढणीच्या जखमा भरून साल पक्की झाल्यावरच त्याची धुरळणी करावी. घाई केली तर जखमा उघड्या राहून सड वाढते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी तपासा. मॅलेइक हायड्राझाइड हे दुसरे कोंबरोधक रसायन उभ्या पिकाच्या हिरव्या पानांतून कंदात उतरते. पाला वाळल्यावर फवारून उपयोग नाही, आणि फार लवकर फवारले तर कंद लहान राहतात. ही दोन्ही रसायने बेण्याच्या बटाट्याला वर्ज्य. सीआयपीसी वापरलेल्या गोदामात नंतरही बेणे ठेवू नका. भिंतींत आणि लाकडी पेट्यांत मुरलेला अंशही उगवण बिघडवतो.