पावसाच्या तोंडावर युरिया आणि विहिरीचं पाणी

पेरणीबरोबर सगळा युरिया एकदाच टाकून मोकळं व्हायचं, ही सवय यंदा मोडा. युरियातल्या नत्राचं जमिनीत काही दिवसांत नायट्रेट होतं आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, कारण दोघांवरही ऋण भारच. पिकाची मुळं अजून बोटभर असताना जोराच्या दोन-चार सरी आल्या की ते मुळांखाली उतरतं आणि विहीर नाहीतर बोअर गाठतं. मुरमाड रानात तर फारच लवकर. तिथे नत्राचे तीन हप्ते करा, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकला. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर खताला दोष देण्याआधी तो हलवा.

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसतं. पाणी नितळ आहे म्हणजे चांगलं आहे, असं धरून चालू नका. मोठा पाऊस पडून गेल्यावर स्वच्छ बाटलीत नमुना घ्या, गार ठेवा आणि दिवसभरात प्रयोगशाळेत पोहोचवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 3 मिलिग्रॅम नायट्राइट अशी आहे. अहवाल वाचताना एक मेख लक्षात ठेवा: काही ठिकाणी आकडा ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, म्हणजे नायट्रेटमधल्या नुसत्या नत्राचा देतात. त्याला 4.4 ने गुणा, मग नायट्रेट कळेल. तिथे 12 दिसले म्हणून निर्धास्त राहिलात तर फसलात.

मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधासाठी ते पाणी अजिबात नको. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्यामुळे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखं निळसर पडली तर तडक दवाखाना गाठा. आणि पाणी उकळू नका! वाफ जाते, नायट्रेट मागे राहून दाट होतं. तुरटी, क्लोरीन, साधा कोळशाचा फिल्टर, कशानेच ते निघत नाही. आरओने कमी होतं. गुरांच्या पोटातही नायट्रेटचं नायट्राइट होतं, म्हणून त्यांचं पाणीही तपासा.

ते पाणी पिकाला मात्र चालतं, आणि इथेच हिशेब करा. लिटरला 90 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याच्या 5 सेंटिमीटरच्या सहा पाळ्या दिल्या, तर हेक्टरी सुमारे 60 किलो नत्र पाण्यातूनच जातो, म्हणजे 130 किलो युरिया. तेवढा खताच्या मात्रेतून वजा करा.