डॉल्फिन आणि स्नॉर्केलिंग एकाच सकाळी: मालवणला जाताना तिथी बघा

मालवणची सहल सहसा शनिवार-रविवार बघून ठरते. स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघताना, पाण्याखालचं नीट दिसायला हवं असेल तर सोबत पंचांगही उघडा. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला घ्या. पावसाळ्यात पर्यटक होड्या बंद असतात.

भरतीचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. द्वादशीला १२ त्रिक ३६, भागिले ४, म्हणजे ९ च्या सुमारास पूर्ण भरती. हा आकडा ढोबळ. मालवणला ती थोडी आधीच लागते. भरती चढताना बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतं, ओहोटीला खाडीचा गढूळपणा बाहेर पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ असते आणि वाळू उठते. म्हणून दोन्ही पक्षांतली द्वादशी-त्रयोदशी सोयीची.

सकाळी ७ पर्यंत होडीत बसा. तोवर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, पाणी सपाट राहतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा वाढतात. होडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या. नाश्त्याला दोन घावणे पुरेत, वडे नकोत. इंजिनाच्या धुरापासून लांब, होडीच्या मध्यावर बसा.

डॉल्फिनसाठी देवबागला कर्ली नदीच्या मुखाबाहेरचं पाणी बघा. इथले हम्पबॅक जातीचे, उथळ पाण्यातले. उड्यांची अपेक्षा ठेवू नका. पाठीवरचा उंचवटा दोनेक सेकंद दिसतो आणि जातो. जिथे दिसला तिथेच बघत बसू नका, तो ज्या दिशेला चालला होता तिकडे पुढे बघा. तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) इंजिन मंद करायला सांगा. पाठलाग केला की ते बुडी मारून भलतीकडेच निघतात. आधीच दोन होड्या असतील तर लांब थांबा.

मग स्नॉर्केलिंगसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर मापाचा. गळण्याची नेहमीची कारणं दोन: कडेखाली अडकलेले केस आणि मिशी. नाकाखालची मिशीची वरची रेघ आदल्या दिवशी काढली तरी बराच फरक पडतो. पट्टा करकचून आवळला तर कड वाकते आणि गळती वाढते. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा विसळा. किळस वाटेल, पण उपाय खात्रीचा.

पाण्यात पहिली पाच मिनिटं होडीला धरून फक्त तोंडाने सावकाश श्वास घ्या. नळीत पाणी शिरलं तर जोरात एक फुंकर मारा, ते वरून उडून जातं. घाबरून डोकं वर काढलं की नळी तिरकी होऊन आणखी पाणी भरतं. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट काढू नका.

मासे जमवायला कुणी पाव टाकू लागलं तर नको म्हणा. पाणी गढूळतं आणि मासे चरायचं सोडून होडीमागे लागतात. प्रवाळावर उभं राहू नका: ते मोडतं, आणि शेजारच्या खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांची धार तळवा चिरते. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्या पाण्यानेच धुवा. श्वास लागला किंवा सूज पसरू लागली तर होडी लगेच जेटीकडे वळवायला सांगा.