क्लिक केलेल्या प्रश्नाखाली त्याचंच उत्तर उघडण्यासाठी

वेबपानावर वीस-पंचवीस प्रश्न असले की जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रश्नाच्या बटणासाठी वेगळं फंक्शन लिहिलं जातं, नाहीतर 'तिसरं बटण, तिसरं उत्तर' असा क्रम जुळवला जातो. मध्येच एक प्रश्न घातला की पुढची सगळी उत्तरं सरकतात. त्यापेक्षा जोडी नावानेच बांधा.

१. प्रत्येक उत्तराच्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या चौकटीला) वेगळा आयडी द्या, उदा. 'परतावा'.

२. त्याच्या बटणावर 'डेटा-टार्गेट' (data-target) हे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगमधली जादा नोंद, लावून तेच नाव लिहा.

३. क्लिकचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) प्रत्येक बटणावर नको, सगळ्या यादीच्या बाहेरच्या डिव्हवर एकच लावा. नंतर स्क्रिप्टने वाढवलेले प्रश्नही मग आपोआप चालतात.

४. लिसनरमध्ये 'इव्हेंट.टार्गेट' (क्लिक नेमकं ज्यावर पडलं तो घटक) थेट वापरू नका. बटणात बाणाचं आयकॉन असेल आणि बोट नेमकं त्यावर पडलं, तर टार्गेट म्हणून आयकॉनच मिळतं, बटण नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. म्हणून त्यावर 'क्लोजेस्ट' (त्या घटकापासून बाहेरच्या दिशेने शोधणारी मेथड) चालवून 'डेटा-टार्गेट' असलेलं बटण शोधा; नलच आलं, म्हणजे बटण सापडलंच नाही, तर रिटर्न.

५. बटणाच्या 'डेटासेट'मधून ('डेटा-' अ‍ॅट्रिब्यूट्स जिथे मिळतात तिथून) नाव घ्या, 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी'ने उत्तर शोधा आणि त्याचं 'हिडन' (लपलेलं की नाही ते) उलटं करा. सोबत बटणाचं 'एरिया-एक्स्पांडेड' (aria-expanded) हे अ‍ॅट्रिब्यूटही बदला; स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना उत्तर उघडलंय की नाही, ते त्यावरूनच कळतं.

मात्र कॉपी-पेस्ट करताना आयडी बदलायला विसरू नका. एकाच आयडीचे दोन डिव्ह असले तर पहिलाच उघडतो आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एररही दिसत नाही.