चौकटीत व्हायरस सोडला आणि मीच अडकले

पहिला गेम कुठला बनवू असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यात गेम बनवायचं पायगेम घेऊन बसले तेव्हा मला लिस्ट (गोष्टींची यादी) आणि फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणारा कोड) एवढंच धड यायचं, त्यामुळे उड्या मारणारा हिरो, ग्रॅव्हिटी वगैरेच्या वाटेला गेलेच नाही, सरळ चौकटींचा बोर्ड घेतला. आडव्या २०, उभ्या १५, एकेक चौकट ३२ पिक्सेलची, म्हणजे ६४० बाय ४८० ची विंडो बरोब्बर भरते. कल्पना अशी की तुम्ही व्हायरस, बोर्डभर निरोगी हिरव्या पेशी, मधे मधे भिंती, ज्या पेशीवर जाल ती लाल होते, लाल पेशी शेजारच्यांना लागण करतात आणि पांढऱ्या पेशी तुमच्या मागे लागतात. दोन वीकेंडचं काम वाटलं होतं. चार महिने लागले.

पहिल्याच दिवशी बोर्डाने चकवलं. मधल्या एका पेशीला लाल केलं आणि अख्खी उभी पट्टी लाल झाली, मी तासभर लागणीचा कोड तपासत बसले, त्यात काहीच चूक नव्हती. चूक बोर्ड बनवताना झालेली. मी शून्यांची एक रो, म्हणजे आडवी ओळ, बनवून तिलाच पंधराने गुणलं होतं, आणि पायथन अशा वेळी पंधरा रो बनवत नाही, एकाच रोला पंधरा ठिकाणी दाखवतो. प्रत्येक रो लूपमधे वेगळी बनवा, विषय संपला.

मग खरी मजा. लागणीचा नियम सोपा, लाल पेशी दिसली की वर-खाली-डावी-उजवी लाल करायची. रन केलं तर एका झटक्यात खालचा उजवा कोपरा अख्खा लाल, आणि वर नि डावीकडे मात्र जेमतेम एकेक ओळ. व्हायरसला उजवीकडेच का जायचंय? कागदावर पाच बाय पाचचा बोर्ड काढला आणि बोट ठेवून लूप जसा फिरतो तसं फिरवलं तेव्हा ट्यूब पेटली. लूप डावीकडून उजवीकडे, वरून खाली जातो, आत्ता लाल केलेली उजवीकडची पेशी त्याला पुढच्याच क्षणी भेटते, ती लाल आहे म्हटल्यावर तो तिच्याकडूनही लागण करवतो, आणि असं शेवटपर्यंत. म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची लागण एकाच फेरीत उरकली. उपाय म्हणजे दोन बोर्ड ठेवायचे, जुन्यातून फक्त वाचायचं, नव्यात फक्त लिहायचं, फेरी संपली की अदलाबदल. गणितज्ञ जॉन कॉनवेचा १९७० चा गेम ऑफ लाइफ, ज्यात शेजाऱ्यांकडे बघून चौकटी जगतात किंवा मरतात, तो लोक पहिल्यांदा लिहितात तेव्हा हमखास इथेच आपटतात असं नंतर कळलं, जरा बरं वाटलं. नवा बोर्ड बनवताना नुसतं बरोबरचं चिन्ह टाकू नका हं, ती कॉपी नसते, जुन्यालाच दुसरं नाव पडतं आणि तुम्ही परत तिथेच.

कडांचं थोडक्यात सांगते. उजव्या कडेला गेलं की प्रोग्राम एरर देऊन बंद पडायचा, ते ठीक, निदान कळतं तरी. डाव्या कडेला गेलं की व्हायरस गुपचूप उजव्या कडेला उगवायचा, कारण पायथनमधे इंडेक्स, म्हणजे लिस्टमधल्या जागेचा नंबर, वजा एक दिला तर ती शेवटची जागा. मी बोर्डभोवती चारी बाजूंनी भिंतीच्या चौकटींची एक जादा रांग लावली, मग कडेसाठी वेगळ्या अटी (इफ) लिहाव्याच लागल्या नाहीत.

वेगाचीही एक गोष्ट. सुरुवातीला मी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर चित्र नव्याने काढलं की दरवेळी, लागण चालवत होते, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे मधून सुरू झालेला व्हायरस अर्ध्या सेकंदाच्या आत सगळा बोर्ड खाऊन मोकळा. चित्र काढणं ६० वेळा होऊ दे, लागण सेकंदातून दोनदाच, वेगळा टायमर लावून. हे आधीच वेगळं ठेवलंत तर पुढे लेव्हलनुसार वेग वाढवणं म्हणजे एक आकडा बदलणं.

एवढं सगळं जमल्यावर मी रोज बसून व्हायरस पसरताना बघायचे आणि खूश व्हायचे, आणि तीन आठवड्यांनी लक्षात आलं की हा गेमच नाहीये, हा स्क्रीनसेव्हर आहे. खेळणाऱ्याने काही केलं नाही तरी बोर्ड भरतोय, मग बटणं कशाला? म्हणून लागणीला शक्यता लावली, लाल पेशीला प्रत्येक शेजाऱ्यावर एकच चान्स. ४० टक्के ठेवले तर लागण थोडी पसरून विझायची, ६० ठेवले तर एखादवेळ सुरुवातीलाच विझायची, नाहीतर जवळपास सगळं लाल, मला वाटलं रँडमच बिघडलंय. पण नाही, चार शेजाऱ्यांच्या बोर्डात विझणार की पसरत जाणार हा काटा ५० टक्क्यांवरच फिरतो, गणितात याला पर्कोलेशन म्हणतात आणि अनंत बोर्डासाठी गणितज्ञ हॅरी केस्टनने ते १९८० मधे सिद्ध केलंय. आपला बोर्ड छोटा असल्याने ही सीमा तितकी काटेकोर राहत नाही इतकंच. मी आकडा ४५ वर आणला. आता लागण आपोआप विझत जाते आणि खेळणाऱ्याला पळत जाऊन नव्या जागी ती पेटवावी लागते. माझ्या मते गेम त्या दिवशी झाला, आधीचे सगळे दिवस नुसती तयारी.

मग धाकट्या भावाला खेळायला बसवलं आणि स्वतः तोंड बंद ठेवून शेजारी बसले (हे फार अवघड असतं, सारखं वाटतं सांगावं, अरे तिकडे जा ना). त्याने दोन मिनिटांत भोक शोधलं. यू आकाराच्या भिंतीत जाऊन उभा राहिला, बाहेर तीन पांढऱ्या पेशी भिंतीला नाक लावून थरथरतायत, कारण मी त्यांना फक्त अंतर कमी करत जा एवढंच शिकवलेलं, वळसा घालायला आधी लांब जावं लागतं हे त्यांच्या गावीही नाही. मी रस्ता शोधणाऱ्या मोठमोठ्या अल्गोरिदमबद्दल (पायरीपायरीच्या रीतींबद्दल) वाचायला लागले, आणि मग दिसलं की ते काम करणारा कोड माझ्याकडे पडूनच आहे. शक्यता काढून टाकून व्हायरस खेळाडूच्या चौकटीतून पसरवायचा, पहिल्या फेरीत पोचलेल्या चौकटीवर १ लिहायचा, दुसऱ्या फेरीतल्यांवर २, असं सगळ्या बोर्डावर. पांढऱ्या पेशीने फक्त कमी आकड्याच्या शेजारी चौकटीत पाऊल टाकायचं. यालाच ब्रेड्थ फर्स्ट सर्च म्हणतात, प्रोग्रामिंगच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत ग्रिडचे, म्हणजे चौकटींच्या बोर्डाचे, प्रश्न येतात त्यातले कितीतरी यानेच सुटतात. मला पुस्तकातून तो कधीच कळला नव्हता.

एका मैत्रिणीला गेम पाठवला तर ती म्हणाली छान आहे, पण मी कुठे पसरलेय तेच दिसत नाही. तिला लाल आणि हिरवा जवळपास सारखाच दिसतो. त्याच रात्री लाल पेशींना चारी बाजूंनी छोटे काटे काढले, आठ ओळींचं काम होतं.