रविवारची उपासना संपल्यावर: विश्वास रोजच्या जगण्यात कसा उतरवायचा

उपासनेत मन भरून येतं आणि सोमवार दुपारपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही, ही तक्रार बहुतेक ख्रिस्ती विश्वासणारे कधी ना कधी करतात. त्यावर 'आणखी प्रार्थना करा' असा सल्ला मिळतो. तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण किती वेळ, कशी आणि नंतर काय करायचं हे त्यात कुणी सांगत नाही. इथे ते सांगायचा प्रयत्न आहे. सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त सकाळची पंधरा आणि रात्रीची पाच मिनिटं सांभाळा, मग बाकीचं एकेक जोडा. अपवाद एकच: कुणाशी भांडण करून बोलणं टाकलं असेल, तर ते मिटवायला महिनाभर थांबू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

सकाळची पंधरा मिनिटं

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज हमखास होणाऱ्या कामाला बांधा: तोंड धुतल्यावर लगेच, किंवा घरातले बाकीचे उठायच्या आत. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं बायबलमध्ये मार्क १:३५ मध्ये (म्हणजे मार्कच्या पुस्तकातला अध्याय १, वचन ३५) आहे. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दारापाशी जमलं होतं, म्हणजे तो दिवस दमवणारा होता. तरीही पहाट हा काही नियम नाही. रात्रपाळी करणाऱ्याने कामावरून परतल्यावर बसावं. जुन्या करारातला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी, आणि 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखनातही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी करा: दोन मिनिटं शांत बसायचं, सात मिनिटं वाचायचं, सहा मिनिटं प्रार्थना. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल फोनवरच वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा. एक मेसेज डोळ्यांसमोर आला की त्या दिवशीचं वाचन संपलंच म्हणून समजा.

काय वाचायचं? नवख्याने मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. त्यात १६ अध्याय आहेत आणि घटना भराभर पुढे सरकतात. उत्पत्तीपासून क्रमाने वाचायला घेणारे पुष्कळ जण लेवीय पुस्तकातल्या यज्ञांच्या नियमांपाशी थांबतात आणि मग वर्षभर बायबलला हातच लावत नाहीत. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले की बरोबर बावन्न आठवड्यांत तो पूर्ण होतो, आणि दोन दिवस मोकळे राहतात. चुकलेला दिवस त्यातच भरून निघतो. ६६ पुस्तकांचं बायबल एका वर्षात संपवायचं तर एकूण १,१८९ अध्याय होतात, म्हणजे रोज तीनहून जास्त. हा बेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. रोज पाच स्तोत्रं वाचली तर दीडशे स्तोत्रं महिन्यात होतात, मात्र ११९ व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, ते आठवडाभर पुरवा.

वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. इथे कोण काय करतो? देवाबद्दल काय कळतं? आज माझ्याकडून काय मागितलं जातंय? उदाहरणार्थ, मार्क २:१-१२ घ्या. चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याची बाज खाली सोडतात. आणि येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो, असं पाचव्या वचनात आहे. उचलून आणणाऱ्यांचा विश्वासही तिथे मोजला गेला आहे. आता तिसरा प्रश्न: माझ्या ओळखीत स्वतःच्या पायांनी पोहोचू न शकणारं कोण आहे? वहीत एकच ओळ लिहा, पण तिच्यात नाव, काम आणि वेळ हवी: 'चार वाजता काकूंना डॉक्टरांकडे घेऊन जाईन.' 'मी अधिक प्रेमळ होईन' असं लिहू नका. ते झालं की नाही हे रात्री कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ते होतही नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर मत्तय ६:९-१३ मधली प्रभूची प्रार्थना घ्या आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून तिच्यात आपला दिवस घाला. तिचा क्रम मुद्दाम पाळा. आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मग रोजची भाकर, पापांची क्षमा, परीक्षेतून सुटका. आपण सहसा भाकरीपासून सुरू करतो आणि भाकरीपाशीच आमेन म्हणतो. इतरांसाठी विनंती करताना दिवसाला पाचच नावं घ्या: सोमवारी घरचे, मंगळवारी कामावरचे, असे वार वाटून द्या. एक वार ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्यासाठी राखा, कारण मत्तय ५:४४ मध्ये ते स्पष्टच सांगितलं आहे. यादी चाळीस नावांवर गेली की प्रार्थना उरत नाही, हजेरी होते.

रात्रीची पाच मिनिटं

झोपण्याआधी दिवस तपासून पाहण्याची ही सवय सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला या ख्रिस्ती संतांनी नीट घालून दिली, आणि आज ती वेगवेगळ्या पंथांचे लोक पाळतात. अंथरुणावर आडवं व्हायच्या आधी, बसूनच करा. पडून केली तर झोप लागते. आज मिळालेल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल आभार माना. मग दिवस सकाळपासून क्रमाने आठवा आणि जिथे मन टोचतं तिथे थांबा. त्या एका गोष्टीची क्षमा मागा, उद्या त्याबाबत काय करायचं ते ठरवा. टोचणी एकच घ्यायची. काही जण रोज रात्री पापांची लांबलचक उजळणी करतात आणि अधिकच खचतात. क्षमा मागितल्यावर ती मिळाली असं मानून झोपणं हाही विश्वासाचाच भाग आहे. अपराधीपणा आठवडेच्या आठवडे हलत नसेल तर पाळकांशी बोला, आणि झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांशीही.

बिघडलेलं नातं

विश्वासाची खरी कसोटी इथेच लागते, म्हणून इथे उशीर करू नका, पण घाईत उरकूही नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावं. यात एक बारकावा आहे: राग दुसऱ्याच्या मनात आहे, तरी उठून जायचं आपण.

चूक आपली असेल तर माफीत चार गोष्टी असू द्या: काय केलं ते नेमकं, ते चुकीचं होतं ही कबुली, भरपाई, आणि माफीची विनंती. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नव्हे. तिच्यात चूक समोरच्याच्या मनावर ढकललेली असते. त्याऐवजी असं म्हणा: 'काल सगळ्यांसमोर मी तुझं काम फालतू आहे म्हणालो. ते चुकीचं होतं. उद्या त्याच लोकांसमोर मी ते शब्द मागे घेतो. मला माफ करशील का?' आणि मग गप्प राहा. 'पण तूसुद्धा' हे दोन शब्द तोंडातून गेले की सगळं वाया. माफी लगेच मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका, आणि मेसेजवर उरकू नका. भेटणं शक्य नसेल तर फोन करा. पैशाचं नुकसान केलं असेल तर पैसे परत करा. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, हे लूक १९:८ मध्ये वाचा.

चूक समोरच्याची असेल तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम धरा. आधी दोघांतच, एकांतात. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना बरोबर घेऊन. त्यानंतरच मंडळीसमोर, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांसमोर. प्रत्यक्षात आपण हा क्रम नेमका उलटा करतो: आधी तिघा-चौघांना सांगतो, तेही 'प्रार्थनेचा विषय' म्हणून, आणि ज्याचा विषय आहे त्याला सर्वांत शेवटी कळतं. ही चहाडीच आहे, तिला दुसरं नाव देऊ नका. कुणासाठी प्रार्थना मागायची असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. ती नसेल तर नाव आणि तपशील गाळा.

राग येणं हे पाप नाही, पण इफिस ४:२६ सांगतं की सूर्य मावळेपर्यंत रागात राहू नये. दोघंही थकलेले असताना मध्यरात्री वाद पूर्ण करायचा, असा त्याचा अर्थ घेऊ नका. 'मला हे मिटवायचं आहे, उद्या सकाळी बोलू' एवढं सांगून झोपलात तरी पुरे.

आणि हे अगदी स्पष्ट असू द्या: क्षमा म्हणजे मार खात राहणं नाही. घरात मारहाण, धमक्या किंवा लैंगिक अत्याचार होत असतील तर वरचा 'आधी एकांतात' हा क्रम लागू होत नाही. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासू माणसाला सांगा, पोलिसांची आणि कायद्याची मदत घ्या. मनातून क्षमा पुढे कधीतरी होईल; त्यासाठी धोक्यात राहायची गरज नाही. 'सत्तर वेळा सात' क्षमा करा (मत्तय १८:२२) हे वचन पीडित माणसाच्या तोंडावर फेकणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे.

काम आणि पैसा

कामाच्या ठिकाणी विश्वास दिसतो तो टेबलावरच्या वचनाच्या फ्रेममधून नव्हे, हिशेबातून. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका असं आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खरी मापं आणि खरी वजनं वापरण्याची आज्ञा आहे. म्हणून महिन्याला एकदा हे तपासा: माझ्याकडून कुणाचे पैसे अडलेत का? खर्चाच्या बिलात न झालेला खर्च घातलाय का? दुसऱ्याने केलेलं काम माझ्या नावावर गेलंय का? खोट्या कागदावर सही करायला सांगितली तर प्रवचन देऊ नका. 'यावर मी सही करू शकत नाही, पण खरा आकडा घालून हे आजच पूर्ण करून देतो,' असं शांतपणे सांगा. नकाराबरोबर पर्याय दिला की बहुतेकदा वाट निघते. कधी निघत नाही आणि किंमत मोजावी लागते. अशा वेळी मंडळीने त्या कुटुंबामागे उभं राहायला हवं.

दान महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. १ करिंथ १६:२ मध्ये प्रेषित पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवायला सांगतो. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हटलं तर काही उरत नाही. दशांश म्हणजे मिळकतीचे १० टक्के. तेवढं जमत नसेल तर २ टक्क्यांपासून सुरू करा आणि दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवा. कर्ज काढून दान देऊ नका. २ करिंथ ९:७ मध्ये जुलमाने देऊ नये असं आहेच. गरजू माणसाला देताना त्याचा फोटो काढू नका.

उपास करायचा तर आठवड्यातून एका जेवणाचा पुरेसा आहे. पाणी भरपूर प्या, तो वेळ प्रार्थनेला द्या आणि वाचलेले पैसे भुकेल्याला पोचवा; यशया ५८ मध्ये देव असाच उपास मागतो. मधुमेह असेल, गरोदरपण असेल किंवा औषधं चालू असतील तर जेवण सोडू नका, त्याऐवजी पडद्यावरची करमणूक सोडा.

एकटं करू नका

आठवड्यातून अर्धा तास एका माणसाला भेटा, शक्यतो तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या. दोन प्रश्न पुरे: वहीत लिहिलेल्यातलं काय केलं, आणि काय टाळलं? ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी एकमेकांना सांगा. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नका.

इतरांनी विश्वासाबद्दल विचारलं तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेने उत्तर द्या, आणि विचारलं तेवढंच. आजारी किंवा अडचणीतल्या माणसाला मदत करताना ती कशाच्याही बदल्यात नाही, हे त्याला तुमच्या वागण्यातून कळलं पाहिजे. 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' असं एकदा विचारा. नको म्हणाले तर विषय सोडा, मदत चालू ठेवा.

मध्येच दोन-तीन आठवडे खंड पडला तर सुटलेले अध्याय भरून काढायला बसू नका. थकबाकीचं ओझं बघूनच लोक कायमचे थांबतात. तारीख टाका, ज्या अध्यायावर खूण होती तिथून पुढे वाचा. पहिला आठवडा पंधराऐवजी पाच मिनिटंच बसा: एक परिच्छेद, प्रभूची प्रार्थना, वहीतली एक ओळ. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पंधरावर या.